यावल अभयारण्यात दोन दिवस जायचंय? आधी पाण्याचा हिशोब करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भुसावळहून नऊ जण, त्यात दोन शाळकरी मुलं आणि सत्तरीचे वडील, दोन दिवसांसाठी रावेर तालुक्यातल्या पाल गावाकडून यावल अभयारण्यात जायचंय. कधी जावं, जंगलात तंबू टाकता येईल का, वाघ दिसेल का, आणि वाघ नाही तर मग बघायचं काय? मी या डोंगरात वर्षानुवर्षं लोकांना घेऊन जातो आणि बहुतेकांचे प्रश्न याच क्रमाने येतात. उत्तर मात्र मी पाण्यापासून सुरू करणार आहे. पाणी कुठे आणि कधी असतं हे कळलं की बाकीची निम्मी उत्तरं त्यातच सापडतात.

बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याने रावेरहून चोपड्याकडे जाताना उजव्या हाताला सातपुडा असतो आणि दोन्ही बाजूंना केळी. डोंगरातून खाली येणारे ओढे पायथ्याशी पोचले की दगडगोटे, वाळू आणि रेतीच्या जाड थरात शिरतात. भूजलवाले या पट्ट्याला बझाडा म्हणतात. रावेर-यावलच्या केळीबागांच्या विहिरी आणि ट्यूबवेल याच मुरलेल्या पाण्यावर चालतात. उपसा वाढत गेला, पातळी खोल खोल गेली, आणि म्हणून तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या महाकाय पुनर्भरण योजनेची एवढी चर्चा होते. हे झालं खालचं. वर डोंगरात परिस्थिती अगदी उलट आहे. तिथे काळा पाषाण, त्यावर मातीचा पातळ थर आणि उभे उतार. पाऊस पडला की पाणी धावत सुटतं, थांबत नाही. दिवाळी झाली की ओढ्यांची धार तुटायला लागते, संक्रांतीनंतर फक्त डोह उरतात आणि होळीच्या सुमारास ते डोहही मोजके राहतात. मग पाड्यावरचे लोक नदीच्या कोरड्या पात्रात झिरे, म्हणजे पाणी झिरपून साठणारे खड्डे, उकरतात. रात्री त्याच झिऱ्यांवर सांबर, रानडुक्कर आणि अस्वल येतं.

याचा तुमच्या सहलीशी संबंध असा. पावसाळ्यानंतर लगेच, ऑक्टोबरात गेलात तर जंगल हिरवंगार दिसेल, पण पाणी सगळीकडे असल्यामुळे प्राणीही सगळीकडे विखुरलेले असतात आणि गवत डोक्याएवढं असतं. चार दिवस फिरलात तरी माकडांपलीकडे फार काही दिसणार नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी चार जागी उरतं, प्राणी तिथेच येतात आणि दर्शनाची शक्यता सगळ्यात जास्त असते, पण जळगाव-भुसावळचं ऊन तुम्हाला मी काय सांगू. पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि पानगळ झालेल्या सागाखाली सावली म्हणून काही नसतं. सत्तरीचे वडील आणि मुलं बरोबर असताना मे महिना डोक्यातून काढून टाका. जून ते सप्टेंबर ओढ्यांना अचानक पूर येतात; वर पाऊस झालेला खाली कळत नाही आणि कोरडं पात्र अर्ध्या तासात छातीएवढं होतं. त्या दिवसांत मनुदेवीच्या धबधब्यापर्यंत जाऊन या, त्याच्या पुढे जंगलात शिरू नका.

तुमच्यासाठी जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य. सागाची पानं गळायला लागलेली असतात म्हणून नजर लांब जाते, डोहांत पाणी असतं, सकाळी थंडी असते आणि हिवाळी पाहुणे पक्षी अजून परत गेलेले नसतात. मार्चचा पहिला पंधरवडा माझ्या स्वतःच्या आवडीचा आहे. पळस पेटलेला असतो, कुसुमाला लालबुंद कोवळी पालवी येते, मोह टपकायला लागतो, आणि होळीच्या आधीच्या आठवड्यात डोंगरातल्या बाजारांत आदिवासींचा भोंगऱ्या उत्सव भरतो. पण मोहाच्या दिवसांत अस्वलांचा विषय येतो, तो पुढे सांगतो.

आता परवानगी. यावल हे 1969 साली जाहीर झालेलं, सुमारे 177 चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 त्याला लागू होतो. त्यातल्या कलम 27 प्रमाणे अभयारण्यात कोण जाऊ शकतं यावर बंधन आहे आणि कलम 28 प्रमाणे पर्यटन, अभ्यास किंवा छायाचित्रणासाठी परवाना घ्यावा लागतो. लोक म्हणतात, ‘आम्ही तर नेहमी खिरोद्याहून पालला घाटाने जातो, कुणी अडवलं नाही.’ बरोबर आहे, तो रहदारीचा रस्ता आहे. पण रस्ता सोडून आत पाऊल टाकलं की परवाना लागतो. कुठले मार्ग उघडे आहेत, गाडी कुठपर्यंत नेता येते, शुल्क किती, हे हंगामागणिक बदलतं, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी पालच्या वन कार्यालयात विचारून घ्या. नऊ जणांची नावं, गाडीचा नंबर आणि ओळखपत्रांच्या प्रती तयार ठेवा.

तंबू नाही. हे उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो, पण विशेष परवानगीशिवाय अभयारण्यात रात्री थांबता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तंबू लोक कुठे टाकतात? पाण्याजवळ. आणि फेब्रुवारीत पाणी किती जागी उरलंय ते वर सांगितलं. तुम्ही डोहाकाठी गॅसबत्ती लावून अंताक्षरी खेळत बसलात तर त्या रात्री त्या खोऱ्यातलं प्रत्येक जनावर तहानेलं राहतं. मुक्काम पालला करा. तिथे वनविभागाचं विश्रामगृह आहे, आधी नोंदणी करून ठेवा. रात्रीच्या जंगलाची फारच ओढ असेल तर बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. पाणवठ्यावरच्या मचाणावर पूर्ण रात्र बसायला मिळतं, कायदेशीर, वनरक्षकाच्या सोबतीने. तेव्हा मुलांना मात्र घरी ठेवा. बारा तास न बोलता बसणं मोठ्यांनाही जमत नाही.

आणि भरीत पार्टी. हे मला वेगळं लिहावं लागतंय याचं कारण आपण खानदेशी माणसं आहोत. थंडीत बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्या, वर कळण्याची भाकरी, कुणाला नको असतं? पण कलम 30 अभयारण्यात आग लावायला आणि पेटती आग सोडून जायला मनाई करतं, आणि फेब्रुवारीत सागाची वाळकी पानं गुडघ्याएवढी साचलेली असतात. सातपुड्यातले वणवे बरेचदा माणसाच्या हातूनच लागतात. कधी मोहाखालची जमीन साफ करायला, कधी विडीच्या थोटकाने, कधी सहलीच्या चुलीने. भरताची हौस जाताना सावद्या-फैजपूरच्या बाजूला कुणा ओळखीच्याच्या शेतात भागवून घ्या आणि डबे भरून वर न्या. जंगलात खाणं फक्त थंड, आणि सगळा कचरा परत खाली. कचरा टाकणं आणि प्राण्यांना त्रास देणं हे दोन्ही कलम 27 मध्येच गुन्हे म्हणून लिहिलेलं आहे.

वाघ. ‘वाघ दिसला का भो?’ हा प्रश्न मला परत आल्यावर घरच्यांपासून पेट्रोलपंपावरच्या पोरापर्यंत सगळे विचारतात. सातपुड्याची ही रांग मेळघाटापासून अंबाबरवा, मुक्ताईनगरकडचा मुक्ताई-भवानीचा पट्टा आणि पुढे यावल-अनेर अशी तुटत-जोडत पश्चिमेला जाते. वाघ या वाटेने येतात-जातात. पण यावल म्हणजे ताडोबा नव्हे. जिप्सीत बसून वाघ बघण्याच्या अपेक्षेने आलात तर दोन्ही दिवस वाया गेले असं वाटेल. बिबट्या, अस्वल, तरस, सांबर, भेकर, चौशिंगा, नीलगाय हे इथले रहिवासी. त्यातलं प्रत्यक्ष जे दिसेल ते नशीब. त्यांच्या खुणा मात्र दर दिवशी दिसतात. कोरड्या ओढ्याची ओलसर वाळू पहाटे बघायला मुलांना आवडतं. कोण आलं, कुठून आलं, पाणी पिऊन कुठे गेलं, सगळं तिथे उमटलेलं असतं. अस्वलाने उकरलेलं वारूळ आणि झाडाच्या खोडावर चढताना उमटलेले नखांचे ओरखडे एकदा दाखवले की मुलं पुढचे स्वतः शोधतात.

पण या जंगलाचा खरा मानकरी टीचभर आहे. रानपिंगळा. ही गोष्ट जरा लांबण लावून सांगतो, कारण ती आपल्या खानदेशाची आहे आणि आपल्याकडेच कमी लोकांना माहीत आहे. 1873 मध्ये या घुबडाची शास्त्रीय नोंद झाली. खानदेशात नेमणुकीवर असलेला इंग्रज अधिकारी जेम्स डेव्हिडसन याने इथून काही नमुने गोळा केले, त्यातले शेवटचे 1884 चे. त्यानंतर हा पक्षी कुणालाच दिसेना. 1914 चा म्हणून एक नमुना होता, रिचर्ड मायनर्ट्सहागेन नावाच्या नामवंत पक्षीसंग्राहकाचा, गुजरातेतून मिळवल्याचा दावा केलेला. त्या नोंदीमुळे लोक चुकीच्या जागी शोधत राहिले. पुढे सिद्ध झालं की तो नमुना डेव्हिडसनचाच होता, लंडनच्या संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही खोटी नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या खऱ्या ठिकाणांवर भर दिला. नोव्हेंबर 1997 मध्ये बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासोबत त्या आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात आल्या, आणि भरदिवसा झाडावर बसलेला रानपिंगळा समोर दिसला. 113 वर्षांनी. पुढच्या सर्वेक्षणांत तो मेळघाटात, मध्य प्रदेशच्या बाजूला आणि यावलच्या जंगलातही सापडला.

तो बघायचा कसा? आपल्या गावातला पिंगळा आणि हा, यांत गल्लत होते. गावातल्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ एकरंगी, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पाय जाड आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले, एकूण अंगकाठी जरा दणकट. दुसरं म्हणजे हा दिवसा शिकार करतो. थंडीत सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान पानगळ झालेल्या सागाच्या किंवा सलईच्या उघड्या फांदीवर ऊन खात बसतो आणि खाली सरडे, उंदीर, मोठे टोळ हेरत राहतो. म्हणून जंगल कितीही दाट असलं तरी तुम्ही शोधायचं विरळ, उघड्या सागवनात. मुलांची नजर यात आपल्यापेक्षा तेज असते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका. जानेवारी ते मार्च हे त्याच्या घरट्याचे दिवस असतात. दुसरा नर आला असं समजून तो ढोली सोडून भांडायला येतो आणि अंडी-पिल्लं उघडी पडतात. फोटो चांगला येतो, एवढंच. ढोली तो स्वतः कोरत नाही, जुन्या सलई, मोई अशा मऊ लाकडाच्या झाडांतल्या पोकळ्या वापरतो. तुम्ही चालताना सलईच्या आणि धावड्याच्या खोडांवर कुऱ्हाडीच्या खाचा बघाल, त्या डिंकासाठी मारलेल्या असतात. खाचा वाढल्या की झाड वाळतं आणि पडतं. पिंगळ्याचं घर त्यातच जातं. अभयारण्यातून डिंक काढायला बंदी आहे, तरी रस्त्यावर कुणी पिशवीतून विकायला आणतो आणि ‘एकदम असली’ म्हणून आपण लाडवांसाठी घेतो. तो घेऊ नका.

झाडांबद्दल वडिलांना मजा येईल असं वाटतं. अंजन बघायला सांगा. वाळक्या, दगडाळ उतारावर उभं राहणारं हे झाड खानदेशाच्या जंगलांची ओळख आहे. फुलपाखराच्या पंखांसारखं जोडपान, आणि लाकूड एवढं घट्ट की पाण्यात बुडतं. कहांडळाचं झाड तर दुपारीही दचकवतं, पानं गळाल्यावर पांढराफटक.

धोक्यांबद्दल. वाघ-बिबट्याची भीती बाजूला ठेवा. इथे सांभाळायचं ते अस्वलाला. त्याची नजर अधू असते, खाण्यात गुंग असलं की आपली चाहूल लागत नाही आणि अचानक समोर आलो तर ते पळण्याऐवजी अंगावर येतं. मोह टपकायला लागला की पहाटे झाडाखाली जायचं नाही, हा नियम पाड्यावरची बाई जिथे पाळते तिथे आपण शहाणपणा करू नये. वळणावर, झुडपी ओढ्यात शिरताना हलकं बोलत जा. समोर दिसलंच तर पळू नका, पाठ फिरवू नका, हळूहळू मागे सरका.

त्यापेक्षा छोटी पण हमखास भेटणारी गोष्ट म्हणजे खाजकुइली. जानेवारी-फेब्रुवारीत तिच्या मखमली शेंगा वाळलेल्या असतात आणि वाऱ्यानेही तिची लव अंगावर येते. मुलांना शेंगेला हात लावायचा मोह होणारच. लव लागली तर चोळायचं नाही, पाणी ओतायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढून काढायची. एक रुंद चिकटपट्टी प्रत्येकाच्या खिशात असू द्या. मोज्यात घुसणाऱ्या कुसळांसाठी पोटरीपर्यंत घट्ट पट्टी गुंडाळा. कड्यांवर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर-सेंट लावून येऊ नका आणि खाली धूर तर मुळीच नको. साप चावलाच तर बांधाबांध, चिरा, मंत्र यांत वेळ न घालवता माणसाला हलू न देता खाली सावद्या-रावेरकडे रुग्णालयात न्यायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप पकडून न्यायची गरज नसते.

या डोंगरात माणसं राहतात हे सहलीच्या उत्साहात विसरायला होतं. पावरा, बारेला, भिल्ल, तडवी यांचे पाडे अभयारण्याच्या आत आणि कडेला आहेत. आपण ज्याला पायवाट म्हणतो तो कुणाचा तरी पाणी आणायचा रस्ता असतो. वाटाड्या पाड्यावरचाच घ्या. वनरक्षकाला विचारलंत तर तो योग्य माणूस सुचवेल. दिवसाची मजुरी आधी ठरवा आणि ती घासाघीस न करता द्या. तो पुढे चालतोय तोवर आपण मागून सूचना द्यायच्या नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणारे गटात एक-दोन असतातच, त्यांना आधीच गप्प करा. बायकांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि झिऱ्यावर हात-पाय धुवायचे नाहीत, साबण तर नाहीच. घागरभर पाणी साठायला तिथे अर्धा तास लागतो. तुमचं पिण्याचं पाणी प्रत्येकी चार लिटर खालूनच घेऊन या.

नियोजन असं ठेवा. पहिल्या दिवशी भुसावळहून पहाटे निघा आणि वाटेत हतनूर धरणावर दोन तास थांबा. बदकं बघायची तर ती तिथे. जंगलातल्या सुकी धरणावर असतात, पण हतनूरची सर नाही. मग सावदा, खिरोदा, घाट, दुपारी पाल. पेट्रोल आणि रोख पैसे सावद्यालाच घ्या, वर नेटवर्कचा भरवसा नाही. संध्याकाळी वडिलांसह सगळे सुकीच्या पाण्यापर्यंत सपाट रस्त्याने फिरून या आणि पालचं हरिण पैदास केंद्र मुलांना दाखवा. दुसऱ्या दिवशी साडेसहाला दोन गट करा, नऊ जणांनी एका रांगेत जाऊ नका. सहा जण वाटाड्याबरोबर ओढ्याने वर जातील. वडील, एखादा सोबती आणि कंटाळलेलं मूल उघड्या सागवनाच्या कडेला रानपिंगळ्यासाठी बसतील. बसलेल्यांना जास्त दिसतं, हे आधी सांगितलं तर कुणी पटवून घेत नाही. साडेदहाला सगळे परत. चार-पाच किलोमीटरपेक्षा जास्त चालायचा बेत आखू नका. ओढ्याच्या गोट्यांवरचं एक किलोमीटर रस्त्यावरच्या तिनाएवढं दमवतं.

वडिलांच्या गुडघ्यांना हे झेपणार नसेल तर सरळ पाटणादेवी करा, चाळीसगावहून जवळ. तोही गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचाच भाग आहे, 1986 साली जाहीर झालेला, पण डोंगररांग वेगळी, अजिंठा-सातमाळ्याची. देवळापर्यंत गाडी जाते, समोर कडा, बाजूला ओढा, आणि चालणाऱ्यांना केदारकुंड किंवा वर पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे जाता येतं. गणिताची आवड असलेल्या मुलाला सांगा की भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा 1207 चा शिलालेख इथलाच. नवरात्रात आणि रविवारी मात्र टाळा, तेव्हा जंगल कमी आणि यात्रा जास्त असते.

तारीख ठरली की पौर्णिमा बघू नका, सलग सुट्ट्या बघा आणि त्या टाळा. मंगळवार-बुधवारी जा. पालच्या कार्यालयात फोन करताना पहिला प्रश्न हाच विचारा की सध्या कुठल्या ओढ्याला पाणी आहे. वनरक्षक ज्या ओढ्याचं नाव घेईल, परवाना त्याच बाजूचा मागा.